दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरचा शर्ट

धाकटीला चौसष्टावं लागलं तरी गल्लीत ती धाकटीच. थोरली बहीण लग्न होऊन लांब गेली, आई वारली, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. काजं करायची हा तिचा धंदा. शर्टाचं बटण ज्या भोकातून जातं ते काज. हल्ली ते मशीन करतं, पापणी लवायच्या आत, आणि चार धुण्यांत त्याचे दोरे लोंबायला लागतात. हाताने केलेलं काज शर्ट फाटला तरी फाटत नाही. हे धाकटी येईल त्याला ऐकवते, त्याने विचारलेलं नसलं तरी.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. दोरा तुटला, राग. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, राग. पण तो सगळा किरकोळ. खरा राग या वर्षी आला, आणि तोही रोज सकाळी, तिच्या दुकानाच्या दारात.

गल्लीबद्दल आधी सांगायला हवं. या गल्लीने गावाला शर्ट घातले, असं म्हटलं तरी चालेल. वरच्या तोंडाला कापडाची वखार होती. तिच्या खालच्या घरात कापणारे राहायचे, त्याच्या पुढे शिवणारे, मग काजंवाल्या, मग बटणंवाले आणि अगदी खाली, जिथे गल्ली संपते तिथे धुलाईचा कारखाना. वरून कापड यायचं आणि खालून इस्त्रीचा शर्ट बाहेर पडायचा. आज वखारीत फोन विकतात. कापणाऱ्यांचं घर पाडलं, तिथे गाड्या लावतात. धुलाईवाल्यांचा तांब्याचा बंब कॉफीच्या दुकानात शोभेला ठेवलाय आणि लोक त्याच्याजवळ उभं राहून स्वतःचे फोटो काढतात. काढू देत बापडे. धाकटीचं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

तिचं म्हणणं होतं समोरच्या तीन मजली इमारतीबद्दल. ती मालकांची. त्यांना गल्लीत सगळे नुसतं ‘मालक’ म्हणायचे, कारण निम्म्या गल्लीचं भाडं त्यांच्याकडे जायचं. ते गेले, मुलगा गेला, आता नातवाने तिथे लॉज काढलंय. दाराशी पितळेची पाटी लावलीय. ‘या वास्तूच्या उदार मालकांनी अनेक कष्टकरी कुटुंबांना येथे आसरा दिला.’ आसरा! धाकटीने ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण नातवाने दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला नाव दिलं, ‘प्रतीक्षा’. त्या खोलीच्या खिडकीबाहेर एक दोरी बांधली आणि त्या दोरीवर एक पांढराशुभ्र शर्ट टांगला, कायमचा. पाऊस असो, ऊन असो, शर्ट आपला लोंबतोय. मळला की दुसरा आणतात.

आणि मग रोज अकराच्या सुमाराला पाहुण्यांचा घोळका घेऊन एक गाईड मुलगी येते. दिसायला चुणचुणीत, आवाज खणखणीत. धाकटीच्या दुकानाकडे सगळ्यांची पाठ, तोंडं वर. मुलगी हात उंचावून सांगते, “या खिडकीत एक बाई बसायची. तिचा नवरा दूरदेशी गेला होता. ती दिवसभर खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायची. दर आठवड्याला ती त्याचा शर्ट धुवायची आणि या दोरीवर वाळत घालायची, तो येईल तेव्हा स्वच्छ असावा म्हणून. वर्षं गेली. तो कधीच आला नाही.”

पाहुण्यांमधल्या बायका डोळे टिपतात. पुरुष गंभीर होऊन फोटो काढतात. आणि मागे दुकानात धाकटी दातात दोरा धरून बसलेली असते, तळपायाची आग मस्तकात गेलेली.

कारण ती बाई म्हणजे तिची आई.

दिवसभर रस्त्याकडे बघत बसायची म्हणे! डोंबल बघत बसायची! काजाचे टाके इतके बारीक की दिव्याच्या उजेडात दिसत नाहीत, म्हणून ती खिडकीत बसायची. दिवस मावळेपर्यंत मान वर करायची सोय नव्हती. शिवलेले शर्ट गठ्ठ्याने यायचे, पुढची पट्टी कोरी. तिच्यावर खडूने खुणा करायच्या, छोट्या पटाशीने चीर द्यायची, दोऱ्याला मेण लावायचं आणि त्या चिरेच्या कडेने गाठीचा टाका घालत जायचं, एकाला एक लागून. दोन पोरी त्या टाक्यांवर वाढल्या. खालून हत्ती गेला असता तरी तिला कळला नसता, नवऱ्याचं काय घेऊन बसलात!

नवरा गेला होता, हे खरं. धाकटी तेव्हा रांगत होती. दूरदेशी वगैरे काही नाही, घरात बसून कंटाळला आणि गेला. जाताना आपला जाड कोटसुद्धा खुंटीवर विसरला. आई एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की रडण्यापेक्षा मोठी अडचण पुढे उभी आहे. मालकांचा नियम होता, घरात कर्ता पुरुष नसेल तर खोली द्यायची नाही. एकट्या बाईमुळे इमारतीचं नाव खराब होतं म्हणे. तळमजल्यावरच्या एका विधवेला त्यांनी तेरवं संपायची वाट न बघता बाहेर काढलं होतं. हे उदार मालक!

तेव्हा आईने सांगितलं, ‘ते बाहेरगावी कामाला असतात, येऊन-जाऊन असतात.’ पण येऊन-जाऊन असणाऱ्या माणसाचं घरात काहीतरी दिसायला नको? मालक रोज सकाळी समोरच्या फुटपाथवर उभे राहून आपल्या इमारतीकडे मान वर करून बघायचे. कोणाची काच फुटली, कोणाच्या दोरीवर काय वाळतंय, सगळं बघायचे. म्हणून आईने गठ्ठ्यातला एक शर्ट उचलला, भिजवला आणि दोरीवर टाकला.

आणि इथे तिने घोळ केला. घाईत तिने उचलला तो शर्ट अजून काजं न झालेला. पुढे पट्टी आहे, बटणं नाहीत, काजं नाहीत. असला शर्ट कोणता नवरा घालणार? मालकांना काही कळलं नाही. पण गल्ली सगळी शर्टवाल्यांची! खालून जाणारा प्रत्येक जण मान वर करायचा, शर्ट बघायचा आणि समजायचा. शिवणाऱ्यांनी बघितलं, बटणंवाल्यांनी बघितलं, धुलाईच्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन थबकल्या. कोणी हसलं नाही. कोणी मालकांना जाऊन सांगितलंही नाही.

समोरच्या घरात खुर्च्या विणणारे काका राहायचे. घर छोटंसं, पण त्यांचं स्वतःचं. ते दुपारी जिना चढून आले, हातात घडी घातलेला एक जुना शर्ट. दारातच उभे राहिले.

“वहिनी, हा वाळत घाला,” ते म्हणाले. “याला काजं आहेत.”

आईला दोरीकडे बघितल्यावर कळलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. शर्टाच्या कोपरावर ठिगळ होतं, ते काकूने लावलेलं. शर्ट काढून देणारीही काकूच. “फार नवा दिसला तर मालकांना संशय येईल,” असं तिनेच सांगून पाठवलं होतं.

त्या दिवसापासून गल्लीने एकच गोष्ट सांगायला सुरुवात केली. काजवालीचा नवरा? येतो की! परवाच येऊन गेला. ती बिचारी वाट बघत असते. कापणाऱ्यांनी सांगितलं, बटणंवाल्यांनी सांगितलं, पोरांनी सांगितलं. एका बाईचं छप्पर टिकावं म्हणून अख्खी गल्ली वर्षानुवर्षं बेधडक खोटं बोलत राहिली आणि ठिगळाचा शर्ट दर आठवड्याला वाळत राहिला. त्यात वाट बघणं कुठे आलं, प्रेमाची कहाणी कुठे आली, ते त्या खणखणीत आवाजाच्या पोरीने सांगावं.

आणि ‘तो कधीच आला नाही’ म्हणे. आला होता! तेच तर दुर्दैव!

धाकटी नऊ वर्षांची होती. थंडीचे दिवस. एका सकाळी एक माणूस गल्लीत आला आणि फुटपाथवर इमारतीकडे बघत उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारता झाला, “काजं करणारी बाई अजून इथेच राहते का? मी तिचा नवरा. आठ वर्षं झाली, इकडे येणं झालं नाही. माझा कोट राहिलाय.” साऱ्या जगात त्याला विचारायला मालकच सापडले.

मालक त्याला घेऊन वर आले. आई खिडकीत बसली होती. तिने मान वर केली, नवऱ्याला बघितलं, मालकांचा चेहरा बघितला आणि सुई पट्टीत टोचून ठेवली.

“माझा कोट,” नवरा म्हणाला. आठ वर्षांनी बोललेला हा पहिला शब्द.

तो कोट आईने केव्हाच उसवला होता. आधी थोरलीला बेतला, ती मोठी झाल्यावर धाकटीला. त्या वेळी तो धाकटीच्या अंगातच होता, बाह्या दुमडलेल्या.

“तिच्या अंगावर आहे,” आई म्हणाली. “काढून घ्यायचा तर घ्या.”

त्याने पोरीकडे बघितलं. धाकटीला आठवतं, तिने दोन्ही हातांनी कोट गच्च धरून ठेवला होता आणि हा कोण माणूस, असा विचार करत होती. जिना उतरून गेला, तो परत दिसला नाही.

मालक मात्र गेले नाहीत. त्यांनी त्याच दुपारी खोलीतलं सामान खाली रस्त्यावर आणून टाकायला लावलं. पलंग, पातेली, काजांचे गठ्ठे. गल्ली गोळा झाली. मालक जिन्याच्या पायरीवर उभे राहिले, ठिगळाचा शर्ट दोन बोटांत धरून, घाण धरावी तसा.

“नवरा आठ वर्षं फिरकला नाही,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मग हा शर्ट कोणाचा? सांगा ना! कोणाचा?”

काका पुढे झाले. तोंड उघडलं. आईने त्यांच्याकडे बघून मान हलवली. नाही. बोललात तर माझ्यावर शेण पडेलच, काकूवरही पडेल. काकांनी तोंड मिटलं. शर्ट कोणाचा, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. मालक हसले. मग काकू आली, आईच्या हातातलं बोचकं घेतलं आणि म्हणाली, “चला, पुढची खोली रिकामीच आहे.” खोली रिकामी नव्हती, खुर्च्यांनी भरलेली होती. त्या खुर्च्या पुढे कित्येक वर्षं जिन्यात रचून ठेवल्या. त्याच खोलीत आज धाकटीचं दुकान आहे.

हे सगळं ज्या पोरीने बघितलं, तिने रोज सकाळी दाराशी ‘ती वाट बघत बसायची’ हे ऐकायचं? रक्त उसळणार नाही तर काय होईल!

पहिल्यांदा ती लॉजमध्ये गेली, नातवाकडे. माणूस गोड. “मावशी, बसा ना, कॉफी घ्या.”

“कॉफी राहू दे. तो शर्ट काढ. आणि पाटीही काढ. तुझ्या आजोबांनी माझ्या आईला हाताला धरून रस्त्यावर आणलं होतं.”

“अहो, इतक्या जुन्या गोष्टी. लोकांना गोष्ट आवडते, मावशी. तुमच्या आईबद्दल आदरच वाटतो सगळ्यांना. आणि ही गोष्ट मी रचलेली नाही हं. समोरच्या खुर्चीकाकांनीच सांगितली त्या गाईडला. विचारा त्यांना.”

धाकटी रस्ता ओलांडून तरातरा परत आली. खुर्चीकाका आता नव्वदीचे. काकू गेल्यापासून त्यांचं जेवणखाण धाकटीच बघते. दुकानाच्या आतल्या बाजूला, स्वतः विणलेल्या खुर्चीत ते बसलेले असतात. बोटं आता विणत नाहीत, पण खुर्चीची कड चाचपत राहतात.

“काका, आईने वाट बघितली असं तुम्ही सांगितलंत त्या पोरीला?”

“सांगितलं.”

“लाज नाही वाटली? तुम्ही? सगळ्या जगाने सांगितलं असतं तर मी समजले असते!”

“तुझ्या आईला शब्द दिला होता,” काका म्हणाले. “कोणी विचारलं तर हेच सांगायचं.”

“अहो, तो खोली टिकवण्यासाठी! खोली गेली त्याला पंचावन्न वर्षं झाली. मालक मेला. आई गेली. आता कोणापासून लपवताय?”

काकांची बोटं कडेवर थांबली. मग म्हणाले, “खरं सांगायला गेलो तर ते विचारणार, शर्ट कोणाचा. माझा म्हटलं की लोक एकमेकांकडे बघून हसणार. आम्ही तिघं होतो तोवर हसू दिलं असतं. आता तुझी आई उत्तर द्यायला नाही, धाकटे. तुझी काकूही नाही.”

धाकटीला वाटलं होतं की आज यांना चांगलं फैलावर घ्यायचं. पण ते राहूनच गेलं. हा माणूस पंचावन्न वर्षं तो एक शब्द तोंडात धरून बसलाय, आणि त्या शब्दावर समोरचा नातू लॉज चालवतोय. ती आतल्या खोलीत गेली आणि भांडी आपटली. दोन कप फुटले.

“म्हणजे त्यांनी खोटं सांगत राहायचं आणि आपण अब्रू सांभाळत बसायचं,” ती आतूनच ओरडली. “हसतील तर हसू देत! हसणाऱ्याचे दात मोजायला मी बसलेय इथे!”



दुसऱ्या दिवशी अकराला घोळका आला. पाठी इकडे, तोंडं वर. मुलीने हात उंचावला. “या खिडकीत एक बाई—”

“अगं ए,” धाकटी दारातून म्हणाली. “इकडे तोंड करा सगळे.”

आवाज असा होता की सगळे वळले. मुलगी गोंधळली. “आजी, काय झालं?”

“ती बाई माझी आई. तुझी गोष्ट रोज ऐकते. आज माझी ऐक. पटली नाही तर उद्यापासून तुझीच सांग, मी हूं की चूं करणार नाही.”

आणि धाकटीने सांगितलं. सगळं. कोरी पट्टी, भिजवलेला बिनकाजाचा शर्ट, जिना चढून आलेला ठिगळाचा शर्ट, खोटं बोलणारी गल्ली, कोट मागणारा नवरा, रस्त्यावरचा पलंग. मध्ये दोनदा तिचा आवाज चिरकला, तो रडण्याने नाही, संतापाने. ‘उदार’ हा शब्द आला तेव्हा तिने रस्त्यापलीकडच्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं आणि लॉजच्या दारात येऊन उभा राहिलेला नातू मोबाईलमध्ये बघायला लागला. शर्ट कोणाचा होता, तेवढं मात्र तिने सांगितलं नाही. ‘एका शेजाऱ्याने आणून दिला’, एवढंच म्हणाली. आत बसलेल्या माणसाचा शब्द तो माणूस असताना आपण कसा मोडायचा?

कोणी डोळे टिपले नाहीत. कोणी फोटो काढला नाही. गाईड मुलगी ओठ चावत उभी होती. मग घोळक्यातले एक गृहस्थ जरा हसून म्हणाले, चेष्टेतच, वाईट हेतू नसेल, “पण आजी, मग तो शर्ट कोणाचा होता?”

तोच प्रश्न. तोच हसरा सूर. तिला पायरीवरचे मालक दिसले, दोन बोटांत धरलेला शर्ट दिसला, आईची हललेली मान दिसली.

मागे खुर्ची करकरली. काका उठत होते. खुर्चीच्या हातावर जोर देत, मग काउंटर धरत, मग दाराची चौकट धरत ते बाहेर उजेडात आले. घोळक्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी रस्त्यापलीकडच्या त्या पायरीकडे बघितलं, जिथे आता नातू उभा होता.

“माझा,” ते म्हणाले.

कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

“माझा होता शर्ट. ठिगळ माझ्या बायकोने लावलेलं. ज्याला हसायचंय त्याने आत्ता हसून घ्यावं. मी उभा आहे.”

कोणी हसलं नाही. ज्यांनी प्रश्न विचारला होता ते गृहस्थ खाली बघायला लागले. धाकटी खुर्ची पुढे करायला गेली तर काकांनी हाताने थांबवलं. त्यांना अजून थोडा वेळ उभंच राहायचं होतं.